सलोमीमावशी, तुला क्षमा झाली म्हणे

मावशी, तुला क्षमा झाली म्हणे.

शमुवेल पेशकारांनी तुझ्या उघड्या कबरीशी उभं राहून हे जाहीर केलं. टोपी काढून, रुमालानं मान पुसून, तहसिलीत हुकूम वाचून दाखवतात त्या आवाजात. "आपल्या भगिनीनं शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केला असं मानून पंचांनी तिला पुन्हा मंडळीत सामील करून घेतलं आहे." पुढे म्हणाले, मंडळीचा दिवा मालवला. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात मूठभर माती होती, ती तुझ्यावर टाकायची होती म्हणून बरं. नाहीतर कुठे टाकली असती सांगता येत नाही.

कोण कोणाला क्षमा करतं, मावशी? तू तापानं फणफणत खोलीत पडली होतीस, तेव्हा या पंचांपैकी एकही तुझ्या उंबऱ्याशी आला नाही. त्या रविवारी तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर उपासना झाली. गाणी झाली, ती तुला ऐकू आली असतील. मग सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. सलोमी का आली नाही, असं कुणी विचारलं नाही. आपल्या मंडळीत असं विचारण्याचं काम तुझं होतं, आणि ते काम याच लोकांनी बंद केलं होतं.

हे सगळं तुला माहीत आहे. पण मला एकदा ते तुझ्यापाशी ओरडून सांगायचं आहे, कारण तू जिवंत असताना मला कधी धड ओरडू दिलं नाहीस.

माझ्या आठवणीत तू पहिल्यांदा येतेस ती प्रार्थनाघराच्या दारात, कंबरेला किल्ली खोचून. संस्थान जायच्या आधीचे दिवस. रझाकारांच्या भीतीनं गावातल्या कुणब्यांच्या, माळ्यांच्या बायका लेकरांना घेऊन आपल्या प्रार्थनाघरात निजायला यायच्या. एरवी आपल्या सावलीला न येणाऱ्या बायका आपल्या चटयांवर पडून असायच्या. मग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचा अंमल संपला, आणि थोड्याच दिवसांत मुसलमानांच्या बायका त्याच भिंतीशी येऊन बसल्या. त्याही तशाच थरथरत होत्या. तू चटयासुद्धा बदलल्या नाहीस. शमुवेल तेव्हा नुकते तहसिलीत लागले होते. ते धावत आले, "मावशी, कुलूप लाव. उद्या हे बालंट आपल्यावर येईन." तू त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "किल्ली हरपली, बाप्पा." किल्ली तुझ्या कंबरेला होती. त्यांनी पाहिली, मीही पाहिली. तू बोललेली, निदान मला ठाऊक असलेली, ती पहिली खोटी गोष्ट.

मग राज्यं झाली. किनवट तिकडे गेलं, राजुरा तिकडे गेलं, आपण जैनथकडची माणसं इकडे, तेलुगू राज्यात राहिलो. पैनगंगेपलीकडचे आपले पाळक डोंग्यात बसून यायचे, पायातल्या वहाणा हातात घेऊन चिखलातून वर चढायचे, ते यायचे थांबले. राज्यं भाषेवर झाली आणि मंडळ्यांची वाटणी झाली नकाशावर. नदीच्या या काठाला आहात ना, मग तुम्ही तेलुगू विभागात, असं कुणीतरी लांब बसून ठरवलं. आपल्या म्हाताऱ्यांना तेलुगूत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

आणि सायकलवर अय्यगारू आले. पाळकाला तिकडे अय्यगारू म्हणतात हेही आपल्याला तेव्हाच कळलं. तरुण, किडकिडीत, भला माणूस. तेलुगूत बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि समोर आपली माणसं कापसाच्या गाठी मांडून ठेवाव्यात तशी बसलेली. समजत होतं दोघींनाच. तुझं माहेर नेरडीगोंड्याकडचं, तू तेलुगू बायकांतच वाढलेली. मी शाळेतली बाई, नोकरी टिकवायची तर तेलुगू शिकणं भाग होतं. पेशकारांचं तेलुगू कचेरीपुरतं. तेव्हा त्यांनीच तुला पुढे केलं. अय्यगारू दोन वाक्यं बोलतील, सलोमीबाई त्यांचं मराठी करील.

पहिले काही रविवार तू इमानदारीनं मराठी केलंस. मग यमुनेची गोष्ट आली.

यमुना माळ्याची सून. तिला क्षय झाला, तसं सासरच्यांनी तिला ओढ्यापलीकडच्या वांग्याच्या वावरात एका खोपीत नेऊन ठेवलं. भाकरी बांधावर ठेवून परत फिरायचे. त्या रविवारी अय्यगारू बायबलातल्या मंदिराच्या खांबांविषयी बोलत होते. किती उंच, कुठलं लाकूड, त्यावर कोरीवकाम काय. तू थोडा वेळ ऐकून घेतलंस, पदर सावरलास आणि मंडळीकडे वळलीस.

"अय्यगारू म्हनून राह्यले का वांग्याच्या वावरात यमुना एकटी पडली हाये. सांजच्याले तिच्या खोपीत दिवा लावाले कोनी नाही. आज कोन जाईन?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून येसूदास म्हणाला, "मी जाईन."

"उद्या? दूध घेऊन जा लागते."

"आमी जाऊ, मावशी."

"मंग आमेन म्हना!"

असं आमेन आपल्या प्रार्थनाघरानं आधी कधी ऐकलं नव्हतं. अय्यगारूंचा चेहरा खुलला. खांबांना एवढी दाद! पुढच्या रविवारी त्यांनी उरलेलं लाकूडकाम घेतलं, आणि तू त्यातून अख्ख्या आठवड्याच्या पाळ्या लावल्यास. मी पदर तोंडात कोंबून बसले होते. बाहेर आल्यावर तुला म्हटलं, मावशी, हे काय? तू म्हणालीस, "त्याईचे खांब पडून नाही राह्यले. यमुना पडून राह्यली."

तेव्हापासून आपल्याकडे तसंच चाललं. कुणाची बाळंतीण अडली, कुणाला देवी आल्या, कोण म्हातारा घरात एकटाच पडलाय, हे सगळं अय्यगारूंच्या प्रवचनातून आम्हाला कळायचं. काही वेळा तू थोडंसं खरं भाषांतरही घालायचीस, चवीपुरतं. ख्रिस्ती असो नसो, तू भेद केला नाहीस. यमुनेच्या सासूनं तिला बजावलं होतं, त्यांच्या हातचं पाणी पिऊ नको. यमुना प्यायची. पेशकारांनी एकदा तुला अंगणात गाठलं होतं. "ते मंडळीत येनार हाये का? नाही न? मंग आपले लोक तेथं काऊन धाडतं?" तू मिसरी लावत बसली होतीस. तोंडातलं बोट न काढता म्हणालीस, "तिले खोकला हाये, शमुवेल."

आता मेल्यावर सगळे तुला साध्वी करायला निघालेत, तेही मला खपत नाही. तू कसली साध्वी! ज्याच्याशी तुझं वाजलं असेल त्याला हटकून सर्वांत लांबची पाळी लावायचीस, तीही भर दुपारची. माझ्या भाकरीला तू चांगलं म्हटलं नाहीस ते नाहीसच. "कृपे, हे भाकर हाये का ढेकूळ?" आणि तीच भाकर दोनदा मागून घ्यायचीस. कुणी काही केलं तर त्याला शाबास म्हणणं तुझ्या तोंडातच नव्हतं. दूध घेऊन गेलेल्या माणसाला विचारायचीस, दिव्याची काच पुसली का.

पण माझं बाळ गेलं तेव्हाचं मी कसं विसरू? मी खोलीतून बाहेर येत नव्हते, खिडकी उघडू देत नव्हते. आणि रोज सांजवेळी कुणी ना कुणी यायचं, दिवा लावायचं आणि भिंतीशी बसायचं. एक शब्द बोलायचं नाही. ना देवाची इच्छा, ना वरच्या घरी सुखात आहे. जी बडबड इतर ठिकाणी ऐकावी लागते त्यातलं काहीही नाही. मला वाटलं, ही माणसं आपणहून एवढी शहाणी झाली. पुढे येसूदासच्या बायकोनं सांगितलं. त्या रविवारी अय्यगारू म्हणे पुनरुत्थानावर बोलत होते, आणि तू मराठीत सांगत होतीस, "कृपेकडे जाजा. दिवा लावजा अन् बसजा. वचन कोनी सांगाचं नाही. जो सांगीन त्याच्याशी माही गाठ हाये." मावशी, मी त्या खोलीतून बाहेर आले ती त्या गप्प बसणाऱ्या माणसांमुळे. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू सांगू दिलंच नसतंस, म्हणाली असतीस पुरे कर.

मग तेलुगू विभागाच्या मुख्य ठाण्याहून ते पाहुणे आले. दोन्ही भाषा जाणणारे. पुढच्या बाकावर बसले, अय्यगारूंचं ऐकलं, तुझं ऐकलं, आणि काही बोलले नाहीत. पेशकारांच्या घरी कोंबडी खाऊन हात धुताना बोलले. पेशकारांचं तोंड पडलं. नव्या विभागापुढे आपली मंडळी नीटनेटकी दिसावी म्हणून हा माणूस वर्षभर झटत होता, आणि इथे प्रवचनाच्या नावाखाली दुधाच्या पाळ्या लागत होत्या.

पंचांची बैठक बसली. मी दाराशी उभी होते. "वचनात तुम्ही स्वतःचं खोटं मिसळलं, हे कबूल आहे?" एवढंच विचारलं, आणि तू म्हणालीस, "हो." नुसतं हो! त्यापुढे एक अक्षर नाही. पुढचा हुकूम होईपर्यंत तुला प्रभुभोजनातून वगळलं आणि मागच्या भिंतीशी बसायला सांगितलं. ज्या घराची किल्ली तुझ्या कंबरेला होती, त्या घरात. कोपऱ्यात अय्यगारू मान खाली घालून मूग गिळून बसले होते.

त्या दिवशी तुझ्या चुलीशी मी किती भांडले. "काऊन हो म्हनली तू?"

"खोटं तं बोललीच न मी."

"मंग सांगाचं होतं न, कायच्यासाठी बोलली ते! मी सांगितलं असतं, येसूदासनं सांगितलं असतं."

"भाजी खाली लागून राह्यली, ते पाय आधी."

"मावशी!"

"भांडत बसली असती तं यमुनेकडे कवा गेली असती? सांज होऊन राह्यली, सरक."

आणि तू कंदील उचलून निघालीस. आपलं भांडण तिथेच राहिलं, अजून तिथेच आहे. मी आजही म्हणते की तू चुकलीस. तू तोंड उघडायला हवं होतं. तुझ्या त्या एका "हो"मुळे त्यांना वाटलं आपण न्याय केला, आणि त्या रात्री ते सुखानं झोपले. तुझ्यावर माझा राग आहे, मावशी, आणि तो तुला मातीत घालूनही गेलेला नाही.

त्यानंतर प्रवचनाचं मराठी कुणी करीना. शेवटी पेशकार उठून सारांश सांगायचे. "आजचा सारांश, पश्चात्ताप करा." पुढच्या रविवारीही तोच सारांश. पाळ्या हळूहळू मोडल्या. लोक वाईट नव्हते गं. कुणाला वाटायचं आज येसूदास गेला असेल, येसूदासला वाटायचं दुसरं कुणी गेलं असेल. विचारणारं माणूस मागच्या भिंतीशी गप्प बसलेलं. मग तू एकटीच जायला लागलीस, रोज, त्या वयात, ओढ्यातून. मी शाळा सुटल्यावर जमेल तेव्हा यायची, तर तू मला ओझं देऊन पुढे चालायचीस आणि भांडणाचा विषय काढू द्यायची नाहीस.

मला तेलुगूच्या प्रशिक्षणाला आदिलाबादला पाठवलं तेव्हा तू वेशीपर्यंत आली होतीस. येताना काचेची चिमणी आणायला सांगितलीस, यमुनेच्या कंदिलाची तडकली होती. मी ती आणली, मावशी. बसमध्ये सगळा रस्ता मांडीवर धरून आणली.

तुझ्या दाराशी यमुना बसलेली दिसली. आधी मी तिला ओळखलंच नाही. ज्या बाईला खोपीबाहेर चार पावलं टाकता येत नव्हती, ती ओढा उतरून, चढून, गावातून चालत आली होती. दिवा लावायला कुणी आलं नाही, लागोपाठ सांजा अंधारात गेल्या, तेव्हा तिनं ओळखलं की मावशी पडली. अख्ख्या गावात हे तिला एकटीला कळलं, आणि ती मंडळीतली नव्हती. आपला रोग तुला लागू नये म्हणून उंबऱ्याबाहेर बसायची, आत येऊन पाणी पाजायची आणि पुन्हा बाहेर जाऊन बसायची. मला बघून म्हणाली, "बाई, मी हाका मारल्या. तेथं गाने चालू होते, कोनाले आयकू नाही गेलं."

आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायला मी बैलगाडी जुंपायला लावली. तू डोळे उघडलेस. मला वाटलं आता तरी काही बोलशील, माझ्यासाठी, नाहीतर त्यांच्याबद्दल. तू म्हणालीस, "यमुनेले गाडीत बसव अन् घरी सोड. तिनं एवढं चालाले नोको होतं." गाडीत तुझ्याऐवजी ती बसली. ती ओढ्यापर्यंत पोचली असेल नसेल, तू गेलीस.

तर अशी तुला क्षमा झाली.

काल रविवार होता, तुझ्यानंतरचा पहिला. पेशकार सारांश सांगायला तयार होऊन बसले होते. अय्यगारू उभे राहिले, आणि मी कुणालाही न विचारता उठून तुझ्या जागी जाऊन उभी राहिले. ते तुझ्याविषयीच बोलले. मावशी, फार सुंदर बोलले. तू जिथे जायचीस तिथला अंधार कसा कमी व्हायचा, मंडळी म्हणजे भिंती नव्हेत हे या गावात त्यांना कुणी शिकवलं, असं बरंच काही. दोन वाक्यं बोलून ते थांबले. मी लोकांकडे वळले.

"अय्यगारू म्हनून राह्यले का यमुना लय दूर चालून आली अन् तिचा खोकला वाढला हाये. तिच्या खोपीत दिवा नाही. नवी काच माह्यापाशी हाये. आज कोन जाईन?"

तुझ्या कौतुकाचा एक शब्दही मी मराठीत येऊ दिला नाही.

मग येसूदास उठला, मान वर न करता म्हणाला, "आज मी." त्याच्या मागून बायको म्हणाली, "उद्या मी." पेशकार ताडकन उभे राहिले, "हे काय चाललंय?" तेव्हा अय्यगारू त्यांना तेलुगूत म्हणाले, "कूर्चोंडी." बसा. एवढं तेलुगू पेशकारांना येतं, ते बसले. अय्यगारूंनी माझ्याकडे पाहिलं, एक छोटं वाक्य बोलले आणि पुन्हा थांबले, मला बोलायला भरपूर जागा ठेवून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उपासना झाल्यावर मी त्यांना सायकलीपाशी गाठलं आणि विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाले, "खांबांपासून. खांबांवर एवढ्या जोरानं आमेन कुणी म्हणत नाही." म्हणून ते तुझ्यासाठी इतका वेळ थांबायचे, मावशी. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग बैठकीत तोंड का उघडलं नाही?" सायकलीची घंटी उगाच चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, भीती वाटली. नवीन होतो, बदली होईल असं वाटलं.

मी त्यांना क्षमा केली नाही. क्षमा वगैरे करायला पंच आहेत. मी त्यांना बुधवार दिलाय. ओढ्यात सायकल चालत नाही, ती अलीकडे ठेवून धोतर वर धरून जावं लागेल, आणि जाताना काच पुसायला फडकं न्यायचं हेही सांगितलंय.

बाकी पाळ्या लागल्या. शनिवार मात्र मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. येत्या रविवारी अय्यगारूंना ज्यावर बोलायचं असेल त्यावर बोलू दे. शनिवारी कोण जाईल, हे मी शमुवेल पेशकारांच्या तोंडाकडे बघून विचारणार आहे. आणि ते हो म्हणेपर्यंत मंडळीला आमेन म्हणू देणार नाही.